एप्रिलमध्ये स्वेटर (खाण्याचे आजार : अनुभव, माहिती, शंका)

सांबारवडी

नमस्कार मंडळी. मी इथं बहुतेक वाचतेच, लिहीत नाही, फार फार तर पुडाच्या वडीच्या धाग्यावर भांडते. पण हे कधीचं मनात होतं आणि पोरीला विचारूनच लिहून राहिली, तिनं वाचून दोन वाक्यं खोडायला लावली, ती खोडली.

मुलगी सतरा वर्षांची. बारावी आणि नीटचा क्लास. मागच्या वर्षी जूनपासून तिचं "हेल्दी" खाणं सुरू झालं. पहिले साखर सोडली, मग तेल, मग पोळी, मग भात. सगळ्यांनी कौतुक केलं, सगळ्यात जास्त मीच केलं. लिफ्टमध्ये बायका म्हणायच्या काय मेन्टेन केलं हो पोरीनं, आमचीला सांगा नं जरा, आणि मी मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं जेवणाच्या दिवशी साठेक पान असतं. पोरगी पहाटे चारला उठून माझ्याबरोबर पुरण वाटायला बसली, सोळा भाज्या चिरल्या, अंबील ढवळली, फुलोऱ्याच्या करंज्या तिनंच तळल्या. सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, "काकू अजून एक पोळी घ्या नं" म्हणून. सासूबाई म्हणाल्या सून आणशील तर अशी आण. रात्री भांडी आवरताना डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर, गादीखाली, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली पुरणपोळी सापडली. अख्खी. वरचं तूप नॅपकिनमध्ये उतरलं होतं. मी विचारलं तर म्हणे खाल्ली नं मी, ही त्या पिंट्याची असेल. पाच वर्षाच्या पोट्ट्यावर ढकललं आणि मी मानलं.

त्यानंतर उपास वाढले. आधी चतुर्थी, मग सोमवार, मग गुरुवार, मग एकादशी. घरात कोण नाही म्हणणार?

एप्रिलमध्ये, बेचाळीस त्रेचाळीस डिग्री चालू, घरात दोन कूलर, आणि ही हॉलमधला कूलर बंद करून स्वेटर घालून अभ्यासाला बसलेली. हातावर बारीक लव आलेली, लहान बाळाच्या पाठीवर असते नं तशी. पाळी पाच महिन्यांपासून बंद, त्यासाठी आम्ही दोन डॉक्टर करून झालो होतो, गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं, टेन्शन आहे म्हणाले. पुढच्या महिन्यात क्लासमध्ये चक्कर येऊन पडली तेव्हा जवळच्या एका डॉक्टरकडं नेलं, त्यांनी मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं, घड्याळाकडं पाहून राहिले. चव्वेचाळीस. म्हणाले ही काही धावपटू नाही नं? आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट करा.

तिथं पहिल्यांदा शब्द ऐकला, अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. मला वाटलं रक्ताचा काही आजार असेल.

आता सात महिने झाले, सुधारून राहिली, पूर्ण नाही. पण भिशीत अजूनही बायका म्हणतात दोन ठेवून दिल्या असत्या तर खाल्लं असतं. म्हणून हा धागा. ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

(वजनाचे आकडे लिहिले होते, ते खाली एका डॉक्टरांनी सांगितल्यावर काढले.)


बर्डीकर

ताई वाचून वाईट वाटलं, मुलगी बरी आहे हे चांगलं. पण स्पष्ट बोलू का, हे सगळे मोबाईलचे आणि श्रीमंतीचे चोचले आहेत. आम्ही पाच भावंडं, ताटात पडलं ते खायचं, नाही खाल्लं तर दुसरा उचलायचा. असे आजार कधी ऐकले नाहीत.


रात्रपाळी

सांबारवडी ताई, आधी विनंती, वजन किती होतं किती झालं, किती कॅलरी खायची, हे आकडे प्लीज काढून टाका. या आजारातल्या मुली असे धागे शोधून शोधून वाचतात आणि आकड्याशी स्पर्धा करतात. काय युक्त्या करायची तेही नको. नाडीचा आकडा राहू द्या, तो पालकांच्या कामाचा आहे.

बर्डीकर काका, रागावू नका. मी सायकियाट्रीत शिकून राहिलो, ड्युटीच्या मधात लिहितो म्हणून तुकड्यातुकड्यात येईल.

मोबाईलच्या आधी सव्वाशे वर्षं हा आजार पुस्तकात आहे. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग, दोघांनीही १८७३ मध्ये वेगवेगळं वर्णन केलं, नाव गल यांचं टिकलं. नाव मात्र चुकलंच आहे, अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं, आणि यांना भूक असते, कित्येकदा भयंकर असते, ती दाबून धरलेली असते.

आता महालक्ष्मीचा प्रसंग बघा, स्वतः खायचं नाही आणि साठ पानं वाढायची. हे टेक्स्टबुकातलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण पुरुष घेतले, युद्धात लढायला नकार दिलेले, स्वखुशीनं आलेले. त्यांना सहा महिने जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे शिकायचं होतं. त्या पुरुषांना बारीक व्हायचं वेड नव्हतं, मोबाईल नव्हता, तरी वजन पाव भागानं उतरल्यावर ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तासन् तास पुरवायला लागले, ताटं चाटायला लागले, उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली, चिडचिडे झाले, लोकांत मिसळेनात. म्हणजे आपण ज्याला पोरीचा हट्टी स्वभाव म्हणतो त्यातला बराचसा भाग उपाशी मेंदूचा असतो. कशामुळं सुरू होतं ते वेगळं, जीन्स असतात, स्वभाव असतो, डाएट असतं, कोणीतरी केलेली "जाडी" अशी थट्टा असते. पण एकदा शरीर उपाशी पडलं की ते चाक स्वतःच फिरत राहतं.

स्वेटरचं कारणही तेच. शरीर काटकसर करतं. नाडी हळू, बीपी खाली, अंग गार, पाळी बंद, डोक्याचे केस गळतात आणि अंगावर लव येते. हृदय हासुद्धा स्नायूच आहे, तोही झिजतो. हाडांचं जास्त वाईट, कारण हाडांची बँक भरायचं वय हेच असतं, विशीपर्यंत. तेव्हा पाळी बंद राहिली तर पुढं आयुष्यभर ती तूट पूर्ण भरून निघेलच असं नाही. आणि ब्लड रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून सुटलो असं समजू नका, खूप उशिरापर्यंत नॉर्मल येतात.

मानसिक आजारांमध्ये सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. काही हृदयानं जातात, काही आत्महत्येनं. कॅरेन कार्पेंटर नावाची अमेरिकन गायिका होती, १९८३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेली, तेव्हा कुठं तिकडच्या लोकांना हा शब्द कळला. चोचल्यानं कोणी मरत नाही काका.

कॉल आला, बाकी नंतर.


बर्डीकर

बरं बाबा. मिनेसोटाचं माहीत नव्हतं.


आजीचा_मोबाईल

मी ७१ वर्षांची आहे, नातवानं आयडी काढून दिला. मला एवढंच विचारायचं की मग उपास करणं हा आजार का? मी चाळीस वर्षांपासून चतुर्थी करते.


सांबारवडी

नाही हो आजी. मी पण हा प्रश्न पोरीवर उपचार करणाऱ्या मॅडमला विचारला होता. त्या म्हणाल्या उपास सोडताना चेहरा पाहा. आपण उपासाला काय करतो, दुपारी साबुदाण्याची उसळ, वर दही, संध्याकाळी चंद्र कधी उगवतो म्हणून तीनदा गॅलरीत जाऊन पाहतो, आणि मग मोदकावर तुटून पडतो. माझी पोरगी चंद्रोदय झाला की गप्प व्हायची. उसळीत दाणे नको, तूप नको, आलू नको, मग म्हणायची निर्जळाच करते. आणि उपास सोडायची वेळ आली की अभ्यास, डोकं दुखणं, पोट दुखणं, काहीतरी निघायचंच. देवासाठी केलेला उपास संपतो, हा संपतच नव्हता.


आजीचा_मोबाईल

समजलं. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच होतं गं. फार देवभक्त आहे म्हणायचे. जाऊ दे.


अक्कलदाढ

दातांचा डॉक्टर आहे, नागपूरला धरमपेठेत बसतो, जाहिरात करत नाही. हे पेशंट कित्येकदा पहिले आमच्याच खुर्चीत येतात. विशीतली मुलगी, वरचे समोरचे दात आतून, म्हणजे टाळूच्या बाजूनं, गुळगुळीत झालेले, इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, विरघळून पिवळं दिसायला लागलेलं, कडा पातळ. गार गरम लागतं म्हणून येतात. कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यात दोन्हीकडं गाठीसारखी सूज, लाळेच्या ग्रंथींची, त्यामुळं चेहरा गोल दिसतो आणि त्या बिचारीला वाटतं आपण अजूनच जाड दिसून राहिलो. मी विचारलं की म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे. असते काहींना, खरंच असते. पण वारंवार उलटी हेही कारण असू शकतं. मी आईला आधी बाहेर बसवतो आणि सरळ, आवाज न चढवता विचारतो. दहातल्या काही जणी रडतात. रडलं की मला कळतं.

कोणी वाचत असेल तर एक सांगतो, उलटी झाल्याबरोबर लगेच ब्रश करू नका. अ‍ॅसिडनं मऊ झालेलं इनॅमल ब्रशनं खरवडून निघतं. साध्या पाण्यानं किंवा चिमूटभर खायचा सोडा टाकलेल्या पाण्यानं चुळा भरा.


नवीन_आयडी

हा आयडी फक्त यासाठी काढला.

अक्कलदाढ सर, तुमच्या खुर्चीत बसलेल्यांपैकीच एक समजा. मी चंद्रपूरकडची, नागपूरला हॉस्टेलवर होती चार वर्षं. माझं वजन कधीच कमी नव्हतं, त्यामुळं कोणाला कधी शंका पण आली नाही. दिवसभर काही खायची नाही, मेसचा डबा रूममेटला द्यायची, कॉलेजात ब्लॅक कॉफी. आणि रात्री अकरा साडेअकराला जे व्हायचं ते सांगायला लाज वाटते अजून. घरून आलेला चिवड्याचा डबा, ब्रेडचं पूर्ण पाकीट, रूममेटचे बिस्किटं, एकदा तर भेट द्यायला आणलेली संत्रा बर्फी, बॉक्सवरची रिबीन नीट सोडून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबर्डीला जाऊन तशीच दुसरी आणून तीच रिबीन बांधून ठेवली. चव लागायची नाही. उभ्यानं खायची, लाईट बंद करून. मग बाथरूम. मग शपथ, उद्यापासून काहीच खायचं नाही. आणि उद्या परत तेच.

लोकांना वाटतं जिभेचे लाड. लाड असते तर बसून, चवीनं खाल्लं असतं नं हो.

एका रात्री छातीत धडधड सुरू झाली, हातपायात गोळे, मैत्रिणींनी उचलून नेलं. पोटॅशियम एकदम खाली, ईसीजी बिघडलेला. डॉक्टरनी विचारलं जुलाब झाले का, मी हो म्हणली. तेव्हाही खोटंच बोलली. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरनं माझ्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे पाहिले, काही बोलली नाही, फक्त हात हातात घेऊन बसली पाच मिनिटं. मग सांगितलं सगळं.


रात्रपाळी

नवीन_आयडी, लिहिलंत, खूप झालं. सुट्टीवर आहे आज, नीट लिहितो.

यांनी सांगितलं तो बुलिमिया नर्व्होसा. जेरल्ड रसेल या लंडनच्या डॉक्टरांनी १९७९ मध्ये हा वेगळा करून मांडला, आणि सिस्टरनं पाहिलेल्या त्या घट्ट्यांना आजही रसेल यांचंच नाव आहे. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांनी १९९५ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत आपल्याला हा होता असं उघड सांगितलं होतं. वजन साधारण नॉर्मल असतं म्हणून तो लपतो. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, अनावर खाणं आणि मग ते "फेडायला" उलटी, जुलाबाची औषधं, उपास किंवा वेड्यासारखा व्यायाम, असं असेल तर निदान होतं. खरा धोका पोटॅशियमचा. उलटी आणि जुलाबात ते निघून जातं आणि हृदयाचे ठोके चुकतात, अगदी चांगल्या दिसणाऱ्या माणसात अचानक. अन्ननलिकेला चीर जाऊन रक्त पडू शकतं. आणि जुलाबाच्या औषधांनी चरबी जात नाही बरं का, पाणी आणि क्षार जातात, अन्न त्याच्या आधीच शोषलं गेलेलं असतं. आतड्यांना मात्र सवय लागते.

तिसरा, अनावर खाण्याचा, बिंज ईटिंग. यात खाणं अनावर पण नंतर फेडाफेडी नाही. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच लिहिलं होतं, पण स्वतंत्र निदान म्हणून मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये यायला २०१३ उजाडलं. तिकडच्या आकडेवारीत सगळ्यात जास्त आढळणारा हाच.

आणखी एक, आपल्याकडं महत्त्वाचं. हाँगकाँगचे सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की तिथल्या अ‍ॅनोरेक्सियाच्या बऱ्याच पेशंटना जाड होण्याची भीती नव्हतीच, त्या म्हणायच्या पोट फुगतं, भूक नाही, घास उतरत नाही. आपल्या ओपीडीतही अशा मुली येतात, गॅसचा डॉक्टर, एन्डोस्कोपी, भूक लागायचं औषध, वर्षभर फिरतात. गंमत अशी की पोट फुगतं हे खोटं नसतं, उपाशी राहून जठर खरंच हळू रिकामं होतं.

आणि काका, मीडियाचा मुद्दा तुमचा अगदीच चूक नाही. फिजी बेटांवर नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींना तेव्हा विचारलं, वजनासाठी उलटी करणारी एकही नव्हती, १९९८ मध्ये परत विचारलं तर ११.३ टक्के. आणि त्या संस्कृतीत धष्टपुष्ट असणं चांगलं मानत. पण बाकीच्या ८९ टक्क्यांनीही तोच टीव्ही पाहिला. म्हणून एकट्या मोबाईलवर सगळं ढकलता येत नाही.


तर्री_एक्स्ट्रा

डॉक्टर साहेब ते तिसरं मी. पुरुष, ४३, बँकेत. आयडी वाचून हसू नका.

मला सगळे खवय्या म्हणतात. सावजी म्हटलं की ऑफिसवाले मलाच फोन करतात. पण लोकांसमोर खातो ते माझं खाणं नाहीच, लोकांसमोर मी सॅलड घेतो. खरं खाणं बँकेतून घरी जाताना गाडीत होतं. शुगर आहे, बीपी आहे, लिव्हरवर चरबी आहे. आठ डॉक्टर झाले असतील, प्रत्येकानं एकच सांगितलं, वजन कमी करा, जिभेवर ताबा ठेवा. एकानं छापील डाएट दिला, दोन आठवडे पाळला आणि मग तीन दिवस जे खाल्लं ते आधीच्या महिन्याभरात नसेल. आजवर एकानंही विचारलं नाही की कसं खाता, कधी खाता, खाताना काय वाटतं. आज हा धागा वाचून पार्किंगमध्ये अर्धा तास बसलो.


नवीन_आयडी

दादा, मला उपचारात पहिलं जे सांगितलं ते ऐकून मी हसली होती. दिवसातून तीनदा जेवा, दोनतीनदा मधलं खाणं, घड्याळ लावून, भूक असो नसो. मी म्हणली अहो मला खाणं थांबवायचं आहे. उपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या रात्रीचं कपाट दुपारच्या उपासानं उघडतं. आणि एक वही, काय खाल्लं, कुठं बसून, त्याच्या आधी काय झालं होतं. माझ्या वहीत दर वेळेस आधी घरचा फोन निघाला. सीबीटी म्हणतात याला, विचार आणि सवयी बदलायची थेरपी, सोबत फ्लुओक्सेटिनची, म्हणजे डिप्रेशनवर देतात ती, गोळी होती वर्षभर. आता दोन वर्षं झाली. मधात तीनदा घसरली, पण वही सोडली नाही.


तर्री_एक्स्ट्रा

कपाटाचं लिहून ठेवलं.


सकाळी_साडेचार

मी लाँग डिस्टन्स पळायचो, नागपुरात पळणाऱ्यांची कमी नाही हे माहीतच आहे सगळ्यांना. हलका राहशील तर पळशील, असं एकानं डोक्यात बसवलं. भाकर अर्धी, अर्ध्याची पाव. पहिले टाइम सुधारला, खरं सांगतो, तिथंच फसतो माणूस. मग नडगीचं हाड चिरलं, स्ट्रेस फ्रॅक्चर, बरं होईना, वर्षात दुसरं. टेस्टोस्टेरॉन तपासलं तर खाली. पोरींची पाळी जाते तेव्हा निदान कळतं तरी, पोट्ट्यांचं काहीच दिसत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये यावर कागद काढला, खेळाला लागतं तेवढं इंधन पोटात न जाण्याला त्यांनी वेगळं नाव दिलं, आणि त्यात मुलं पण धरली. आमच्या ग्राउंडवर मात्र अजून तेच, हलका राहा. जिममध्ये उलटं, तिथल्या पोट्ट्यांना आरशात आपण काडी दिसतो, हात हे एवढाले असले तरी.


कामठीरोड

मी आशा म्हणून काम करते. मोठे इंग्रजी नावं मले समजत नाही पण आमच्या बाया माती खातात ते यातच येते का? गरोदरपणात तर खूपच. भाजकी माती, चुलीची माती, खडू, आणि पोरी पाटीवरची पेन्सिल खातात, दुकानात पुडाच मिळते. एक बाई तर नवीन भिंतीले पाणी मारलं की वास घ्यायले जाऊन उभी राहे. विचारलं तर लाजते, सासू म्हणते डोहाळे हाय.


रात्रपाळी

ताई, अगदी यातच येतं. पायका म्हणतात, अन्न नसलेलं खावंसं वाटणं. बर्फ कडाकडा चावणंही बऱ्याचदा त्यातलंच. पहिले हिमोग्लोबिन पाहायचं, लोह कमी असेल आणि ते भरलं की कित्येकींची ओढ आपोआप जाते. मातीतून जंत जातात, शिसं जाऊ शकतं, आतड्यात गोळा अडकू शकतो. आणि विदर्भात आहोत म्हणून सिकलसेलची टेस्टही करून घ्या, त्या मुलांमध्ये पायका बरंच दिसतं. ओरडू नका फक्त, ओरडलं की लपून खातात.


फुटाळा_संध्याकाळ

माझा मुलगा सहा वर्षांचा, पांढरा भात, दूध आणि एकाच कंपनीचं बिस्किट, बस. भाजीचा वास आला तरी ओकारी काढतो. तो जाड व्हायला घाबरत नाही, त्याला काय कळतं. हे पण काही असतं का?


रात्रपाळी

असतं. सगळेच नखरेल खाणारे आजारी नसतात, पण वजन उंची अडली असेल, रक्त कमी असेल, किंवा त्यामुळं शाळा, लग्नकार्य सगळं बंद झालं असेल तर दाखवा. एआरएफआयडी नावाचं निदान २०१३ पासून आहे, यात दिसण्याचा संबंध नसतो, वास, स्पर्श, घास अडकायची भीती असं असतं. आधी बालरोगतज्ज्ञ. जबरदस्तीनं कोंबू नका.


सांबारवडी

आमचं पुढचं लिहायचं राहिलं होतं.

अ‍ॅडमिट असताना सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, अर्धा किलो तूप घातलेलं, मायेनंच. सिस्टरनं दारातच अडवलं. आम्हाला राग आला, पोरगी खायला तयार झाली आणि हे नाही म्हणतात? मग डॉक्टरांनी बसवून सांगितलं की खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट धाडकन खाली येतं आणि हृदय, श्वास, सगळं कोलमडू शकतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेली माणसं अशी पोटभर जेवून दगावली होती म्हणे. म्हणून पहिले जीवनसत्त्व, रोज रक्त, आणि खाणं थोडं थोडं वाढवत. घरीच कोणी सुरू करत असाल तर नका करू, डॉक्टरला विचारून करा.

घरी आल्यावर खरं काम. पद्धत लंडनच्या मॉडस्ले हॉस्पिटलात निघालेली, आईबापानं खाण्याचा ताबा घ्यायचा. ताट आम्ही वाढायचं, तिनं निवडायचं नाही, आणि संपेपर्यंत कोणीतरी शेजारी बसायचं, संपल्यावरही तासभर. वाचायला सोपं आहे. पहिल्या रात्री वरणभात आणि वर एक चमचा तूप, एवढंच, एक तास चाळीस मिनिटं. त्या चमच्यावरून ताट भिंतीला गेलं. ती किंचाळली ती माझी पोरगी नव्हतीच, आवाजच वेगळा. ह्यांनी खाली बसून फरशीवरचा भात गोळा केला, एक शब्द नाही, उठले आणि दुसरं ताट वाढून आणलं, तेवढंच, तूप तेवढंच. आणि सुरू झाले, आज ऑफिसात कोणाची गाडी कशी पंक्चर झाली. ती रडत रडत जेवली. मी मोरीत जाऊन रडली.

मग आम्ही आजाराला नाव ठेवलं, बया. "हे तू नाही, बया बोलून राहिली." पहिले चिडायची, मग एक दिवस स्वतःच म्हणाली, आई आज बया खूप ओरडून राहिली गं, तू बोलत राहा काहीतरी. काय बोलणार, मी सीरियलची गोष्ट सांगितली, पूर्ण.

घरातले नियम पण बदलले. वजनकाटा डॉक्टरकडंच. "बारीक झाली", "भरली" दोन्ही बंद, पाहुण्यांना पण दारातच सांगतो, वाईट दिसलं तर दिसो. नीट यावर्षी दिली नाही. नातेवाईकांनी तोंडं वाकडी केली.

आणि बरी झाली असं नाही. मागच्या आठवड्यात परत खिशात पोळीचा तुकडा सापडला. मी फक्त ताटात दुसरा ठेवला.


तर्री_एक्स्ट्रा

खर्चाचं काय? आणि नागपुरात जायचं कुठं? माझ्यासारख्यानं मानसोपचारवाल्याकडं गेलं तर लोक पागलखान्याचीच गोष्ट काढतील.


रात्रपाळी

मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, ही नागपूरची सरकारी हॉस्पिटलं, तिन्हीकडं सायकियाट्रीची ओपीडी आहे, खर्च खासगीपेक्षा कितीतरी कमी. प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी चालते, रोजचे लोक येतात, गोळ्या घेतात, घरी जातात. फोनवर आधी बोलायचं असेल तर टेलीमानस, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यायला सांगितलं आहे, नाही म्हणाले तर लेखी मागा. आणि डायटिशियन घ्याल तर आधी विचारा की असे पेशंट पाहिलेत का, वजन उतरवण्याचं पॅकेज विकणारा नको.


मानेवाडा_चौक

कोणी जागं आहे का. मी पूर्ण धागा वाचला आत्ता. माझी लहान बहीण, एकोणीस. सगळं तेच आहे, कूलरचं पण. झोपलेली नव्हती म्हणून आत्ता मनगट धरून नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट, दोनदा. बेचाळीस आली. उठली की डोळ्यासमोर अंधारी येते म्हणते. सकाळी नेलं तर चालेल का?


रात्रपाळी

सकाळी नाही, आत्ता. जागेपणी पन्नासच्या खाली आणि वर अंधारी, थांबायचं नाही. जवळची कुठलीही कॅज्युअल्टी. तिथं सांगा खूप दिवसांपासून जेवत नाही, ईसीजी काढा, पोटॅशियम, फॉस्फेट, शुगर पाहा. निघताना गोड काही कोंबू नका. तिला एकटी बाथरूमला सोडू नका, पडेल. सोबत कोण आहे?


मानेवाडा_चौक

बाबा गावाला आहेत. मामा येऊन राहिला, गाडी काढतो म्हणाला. ती जायला नाही म्हणते.


सांबारवडी

तिला म्हणा फक्त हृदय पाहायचं आहे, जेवणाचं कोणी काही बोलणार नाही. आम्ही तसंच नेलं होतं. शाल घ्या सोबत, तिथं एसी असतो, थंडी वाजेल तिला. पोचल्यावर इथं लिहा, मी जागी आहे.


मानेवाडा_चौक

निघालो.